डर्ट बाइकचं स्प्रॉकेट: पुढे किती दात, मागे किती दात, आणि ठरवायचं कसं

हिरोची एक्सपल्स २०० घेऊन दोन-तीन रविवार मुळशी-ताम्हिणीकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरलं की एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात येते. सपाट मातीवर गाडी मजेत पळते, पण सुट्ट्या दगडांचा उभा चढ आला आणि वेग माणसाच्या चालीवर आला की पहिल्या गिअरमध्येसुद्धा इंजिन दमायला लागतं, मग हाफ क्लच, मग मनगट भरून येतं, मग क्लच प्लेटचा जळका वास. आणि मग सोबतचा कोणीतरी सांगतोच, "अरे पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी कर की." स्प्रॉकेट म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती, एक पुढे इंजिनला आणि एक मागच्या चाकाला.

मलाही सांगितलं, आणि मी एक दात कमी करून थांबलो नाही. पुढे १३ चं १२ केलं आणि त्याच दिवशी मागे ४० चं ४३ पण बसवून घेतलं, म्हटलं करायचंच आहे तर एकदाच करू. चढ झकास चढायला लागली, पण परत येताना पिरंगुटपासून पुढे ७० च्या स्पीडला इंजिन इतकं ओरडत होतं आणि हँडलला एवढी झणझण होती की घरी पोचेपर्यंत बोटं बधिर झाली. पावसाळा लागल्यावर तर लाल चिखलात मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरायचं, गाडी पुढे जायचीच नाही. शिवाय नवीन स्प्रॉकेटवर जुनी ताणलेली चेन तशीच ठेवली होती, तिने दोन हजार किलोमीटरच्या आत दातांची वाट लावली. सगळं उतरवून परत पहिल्यापासून एकेक दात बदलत बघावं लागलं. तेव्हा कळलं की स्प्रॉकेटचा आकडा दुसऱ्याच्या गाडीवरून उचलायचा नसतो, आपण जिथे गाडी चालवतो तिथल्या सगळ्यात हळू जागेवरून तो ठरवायचा असतो. आता ते कसं ते क्रमाने सांगतो. उदाहरणं माझ्या गाडीची आहेत, पण पद्धत कुठल्याही डर्ट बाइकला चालते.

१. आधी आपल्या गाडीचे दात मोजा

हे वाटतं तेवढं फालतू काम नाही. सेकंड हँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलंय ते देव जाणे, आणि एकाच मॉडेलमध्येसुद्धा वर्षानुसार एखादा दात इकडे तिकडे असतो. मागच्या स्प्रॉकेटवर बहुतेक वेळा आकडा ठोकलेला असतो, चिखल-ग्रीस पुसून बघा. नाही दिसला तर एका दाताला खडूने खूण करा आणि चाक हाताने फिरवत मोजा, दोनदा मोजा. पुढचं स्प्रॉकेट इंजिनच्या डाव्या बाजूला कव्हरच्या आत असतं, बहुतेक गाड्यांना ते कव्हर दोन-तीन बोल्टवर निघतं. चेन फिरवत मोजताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रल आणि चावी खिशात. चालू गाडीवर चेनजवळ हात न्यायचा नाही, बोट जातं, हे शब्दशः सांगतोय.

माझ्या गाडीवर पुढे १३ आणि मागे ४० निघाले. लिहिताना आपल्याकडे सगळे १३/४० असंच लिहितात, पुढचा आकडा आधी.

२. भागाकार करा, दातांच्या आकड्यात अडकू नका

मागचे दात भागिले पुढचे दात, बस एवढंच गणित आहे. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट ३.०८ वेळा फिरतं. हा आकडा वाढला की ओढायची ताकद वाढते आणि टॉप स्पीड कमी होतो, आकडा कमी झाला की उलट. गिअरची सायकल चालवली असेल त्यांना लगेच कळेल, चढावर आपण पुढची छोटी आणि मागची मोठी चकती लावतो तसंच हे.

माझ्या वहीतले काही आकडे:

१४/४० म्हणजे २.८६
१४/४३ म्हणजे ३.०७
१३/४० म्हणजे ३.०८
१३/४१ म्हणजे ३.१५
१३/४२ म्हणजे ३.२३
१३/४३ म्हणजे ३.३१
१२/४० म्हणजे ३.३३
१२/४२ म्हणजे ३.५०
१२/४३ म्हणजे ३.५८

नीट बघा, १२/४० आणि १३/४३ जवळजवळ सारखेच आहेत. म्हणजे पुढचा एक दात कमी करणं हे मागे तीन दात वाढवण्याएवढं आहे. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर पुढचा पण आणि मागचा पण एकाच दिवशी बदलला नसता. १२/४३ म्हणजे मूळ आकड्यापेक्षा साडेसोळा टक्के वर गेलो मी, आधी ८१-८२ ला जेवढा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) असायचा तेवढा आता ७० लाच. मग इंजिन ओरडणारच. फक्त पुढचा एक दात कमी केला असता तर आधीच्या ८० च्या आरपीएमवर ७४ मिळाले असते, ते चालवून घेता येतं.

इथे नवीन लोकांची एक मोठी चूक होते ती सांगून ठेवतो. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणारी बाइकची रेस) पहिली रेस झाली, तेव्हापासून पुण्यातल्या बऱ्याच पोरांना मोटोक्रॉसच्या गाड्यांची ओढ लागलीय, आणि व्हिडिओ बघून ते विचारतात की तिकडच्या गाड्यांना १३/४९ असतं मग आपण का नाही. होंडाच्या सीआरएफ ४५० आर ला १३/४९ येतं हे खरंय. पण त्या गाडीच्या गिअरबॉक्सच्या आतले गिअर वेगळे, क्लचच्या आधीचा प्रायमरी रेशो वेगळा, इंजिन कुठल्या कुठे फिरतं, चाकाचं माप वेगळं. स्प्रॉकेटचा आकडा फक्त आपल्याच गाडीच्या मूळ आकड्याशी ताडून बघायचा, दुसऱ्या मॉडेलशी नाही.

आणि टायर. टायर बदलला की गिअरिंग, म्हणजे ओढ आणि वेगाचा हा सगळा हिशोब, बदलतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. मागे १२०/८०-१८ च्या जागी १२०/९०-१८ टाकला तर चाक साधारण पावणेचार टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे मागचे दीड दात काढून टाकल्यासारखं. मोठे गट्टू असलेला टायर टाकून गाडी मंद वाटत असेल तर कारण हेच असू शकतं.

३. आपली तक्रार नक्की काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दुकानात जाऊन "पिकअप वाढवायचाय" म्हणू नका. त्याआधी एक रविवार फक्त बघण्यासाठी गाडी चालवा, नेहमीच्याच वाटेवर, आणि प्रत्येक अडचणीच्या जागी कुठला गिअर होता आणि काय झालं ते थांबून मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

पण त्याच्याही आधी गाडी धडधाकट आहे का ते तपासा. क्लच घसरत असेल, एअर फिल्टरमध्ये उन्हाळ्याची धूळ भरली असेल, मागचा ब्रेक चाकाला घासत असेल किंवा चेन कोरडी ठक्क असेल तर गाडी ओढणार नाहीच, आणि तुम्ही दोष स्प्रॉकेटला द्याल. माझ्या एका मित्राने स्प्रॉकेट बदललं आणि नंतर कळलं की फिल्टर चोंदलेला होता.

आता तक्रारीनुसार:

उभ्या दगडी चढावर पहिला गिअर कमी पडतोय, सारखा हाफ क्लच लागतोय, चढावर मधेच थांबलात तर परत निघताना इंजिन बंद पडतंय. इथे गिअरिंग छोटं करायला हवं, म्हणजे भागाकार वाढवायचा. पुढचा एक दात कमी, किंवा मागे दोन-तीन जास्त. सह्याद्रीतल्या बहुतेक लोकांची हीच तक्रार असते कारण आपल्याकडच्या वाटा अरुंद, दगडी आणि वळणावळणाच्या.

वळणातून निघताना दुसरा गिअर ओरडतो आणि तिसरा टाकला तर गाडी दमते. हा दोन गिअरमधला खड्डा, आणि तो भरायला मागचा एक किंवा फार तर दोन दात पुरतात, इथे पुढचा दात बदलला तर उडी फार मोठी पडते. तेच वळण चार-पाच वेळा दुसऱ्यात आणि चार-पाच वेळा तिसऱ्यात घ्या. तिसरा जवळजवळ ओढतोय, थोडक्यात कमी पडतोय असं असेल तर मागे एक-दोन दात वाढवा म्हणजे तिसरा कामाला येईल. तिसरा पार मेलेला असेल तर त्याच्या नादी लागू नका, उलट मागचा एक दात कमी करून दुसरा थोडा लांबवा.

लाल चिखल आणि ओली माती. याबद्दल लोक अगदी उलटं सांगतात. चिखलात ताकद लागते म्हणून गिअरिंग छोटं करा म्हणतात, पण आपल्याकडच्या जांभ्याच्या चिकट मातीत ताकद कमी पडत नाही, पकड कमी पडते. गिअरिंग फार छोटं असेल तर थ्रॉटल जरा उघडला की चाक फिरून टायरच्या खाचा भरतात आणि मग गुळगुळीत टायरवर चालवल्यासारखं होतं. माझ्या अनुभवात पावसाळ्यात मूळ गिअरिंगवर, एक गिअर वरचा टाकून, थ्रॉटल हळुवार ठेवून गाडी जास्त चांगली निघते.

वाळू म्हणजे जैसलमेरसारखी खोल कोरडी वाळू, तिथे मात्र इंजिनवर सतत ओझं असतं आणि गाडी वेगात ठेवावी लागते, त्यामुळे मागे एक-दोन दात जास्त असले तर वरच्या गिअरमध्ये इंजिन दम धरून राहतं. त्याचा सराव करायला समुद्रकिनारी जाऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदीच आहे, आणि कोकणात वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी वाळूत कासवांची घरटी असतात, चाकाखाली अंडी जातात. अभयारण्य आणि वनखात्याच्या जागेतल्या वाटांचंही तेच, परवानगी नसेल तर तिकडे वळायचं नाही.

स्पिती-लडाखला जाणार असाल तर उंचीवर हवा विरळ होते आणि दर १००० मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते असं धरून चाला. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोल कमी करून जुळवून घेते, पण गेलेली ताकद परत येत नाही. तिथे पुढचा एक दात कमी असणं खूप कामाला येतं, सामान लादलेलं असेल तर जास्तच.

आणि शेवटचा प्रश्न, खरं तर पहिला विचारायला हवा तो: ट्रेलपर्यंत तुम्ही कसे जाता? गाडी पिकअपमध्ये टाकून नेणार असाल तर हवं तेवढं छोटं गिअरिंग करा. पण माझ्यासारखे कोथरूडहून चाळीस-पन्नास किलोमीटर डांबरी रस्त्याने जाऊन, दिवसभर मातीत फिरून, थकून परत त्याच रस्त्याने येणार असाल तर येताना काय वाटेल त्याचा विचार आधी करा. थकलेल्या अंगाला ती झणझण सहन होत नाही आणि हायवेवर ओव्हरटेक करायला इंजिनमध्ये काही शिल्लक राहत नाही, हे धोक्याचं आहे.

४. पुढचं बदलायचं की मागचं

पुढचं स्वस्त, काही शे रुपयांत येतं, बदलायला तासभर लागतो, आणि नाही आवडलं तर परत जुनं लावता येतं. म्हणून पहिला प्रयोग नेहमी पुढच्या एका दाताचा करा. पण प्रयोगच म्हणतोय. पुढचं स्प्रॉकेट जेवढं लहान तेवढी चेन त्याच्याभोवती जास्त वाकते, तेवढी चेन आणि दात दोन्ही लवकर झिजतात, आणि चेनचा वरचा भाग खाली येऊन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) पुढच्या टोकावर जो रबरी किंवा प्लॅस्टिकचा स्लायडर असतो त्याला घासतो. १२ केलंत तर दर पंधरा दिवसांनी तो स्लायडर बघा, तो कापला गेला की चेन थेट स्विंगआर्मचं धातू खाते. ११ च्या खाली तर मी कोणालाच जाऊ देणार नाही.

म्हणून प्रयोग पटला तर पुढचं परत १३ करून मागे ४२-४३ बसवणं जास्त टिकाऊ. आज माझ्या गाडीवर उन्हाळा-हिवाळ्यात १३/४२ असतं. मूळपेक्षा पाच टक्के छोटं, चढावर फरक कळतो आणि हायवेवर त्रास होत नाही. मागचं मोठं करताना चेनगार्ड आणि चेन गाइडला स्प्रॉकेट लागत नाही ना ते बघा, आणि दगडावर आपटायची शक्यता थोडी वाढते हेही लक्षात ठेवा.

पुढचं मोठं करायचं असेल, म्हणजे १४, तर कव्हरच्या आत जागा आहे का ते आधी तपासा. कोरडं असताना जागा पुरेल, पण चिखल भरला की चेन आणि केसिंगच्या मध्ये तो गच्च बसतो आणि कव्हर फुटतं.

५. चेनचं गणित, जिथे बहुतेक जण फसतात

चेनवर ४२८ किंवा ५२० असा नंबर असतो. पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, म्हणजेच पिच, एक इंचाचे किती आठवे भाग आहे ते. ४२८ मध्ये चार अष्टमांश, म्हणजे १२.७ मिमी. ५२० मध्ये पाच अष्टमांश, म्हणजे १५.८७५ मिमी. ४२८ च्या स्प्रॉकेटवर ५२० ची चेन बसत नाही, कोणी "ठोकून बसवतो" म्हणालं तर गाडी घेऊन निघून या. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांना ५२० असते, एक्सपल्ससारख्या गाड्यांना ४२८, लहान मुलांच्या काही गाड्यांना ४२० असते जिची पिच ४२८ एवढीच पण रुंदी कमी, म्हणून दिसायला सारखी वाटते आणि गडबड होते.

आता लांबी. मागे एक दात वाढवला की चेन तेवढी कमी पडते आणि एक्सल (मागच्या चाकाचा आस) पुढे सरकवावा लागतो. किती, तर साधारण पिचच्या पाव. ४२८ ला सव्वातीन मिमी आणि ५२० ला चार मिमी, एका दातामागे. पुढचा एक दात कमी केला तर तेवढाच मागे सरकतो. म्हणजे ४० चं ४३ केलं तर एक्सल जवळजवळ १० मिमी पुढे यायला हवा. स्विंगआर्मच्या खाचेत तेवढी जागा आहे का? आत्ताच पट्टी लावून मोजा, एक्सलच्या पुढे किती मिमी आणि मागे किती मिमी रिकामं आहे ते. पुढे जागा कमी असेल तर लांब चेन लागेल. चेनच्या कड्या जोडीनेच कमी-जास्त होतात, एक आतली एक बाहेरची, आणि एक जोडी म्हणजे ४२८ मध्ये एक्सलचा १२.७ मिमी सरकाव. मागेही थोडी जागा सोडायला हवी, नवीन चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ताणते, तेव्हा एक्सल पार शेवटी टेकलेला असेल तर पुढे ताणायला काही उरत नाही. मी बसवताना मागे निदान १२-१५ मिमी ठेवतो.

चेन जुनी आहे की नवीनसारखी हे डोळ्याने कळत नाही. चेन ताणून धरा आणि २१ पिना मोजा, म्हणजे २० पिच. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत ४२८ मध्ये नवीन असताना २५४ मिमी भरतं. २५८-२५९ झालं की चेन संपली. ५२० ला ३१७.५ मिमी आणि ३२३ च्या आसपास संपली. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. संपलेल्या चेनवर नवीन स्प्रॉकेट लावू नका, आणि झिजून शार्कच्या पाठीवरच्या परासारखे वाकलेले दात असलेल्या स्प्रॉकेटवर नवीन चेन लावू नका. तिन्ही एकदम बदला. माझे पैसे इथेच गेले.

६. दुकानात जाण्याआधी

सोबत हे ठेवा: गाडीचं मॅन्युअल किंवा निदान त्यातल्या चेनच्या ढिलाईच्या आणि टॉर्कच्या पानांचे फोटो, आरसीचा फोटो म्हणजे मॉडेल आणि वर्ष नक्की सांगता येतं, जुन्या चेनचा नंबर आणि कड्यांची संख्या, आणि जमलं तर जुनं स्प्रॉकेटच. दुकानदाराला नुसतं नाव सांगितलं तर तो त्याच्याकडे असलेलं देतो. मला ऑनलाइन मागवलेलं एक मागचं स्प्रॉकेट असं आलं की दात बरोबर, पिच बरोबर, पण बोल्टची भोकं दोन मिमी बाहेर. दुकानाने परत घ्यायला महिना लावला. म्हणून जुनं नव्यावर ठेवून बघा: मधलं भोक, बोल्टची भोकं, जाडी. पुढच्याला आतल्या खाचा जुळल्या पाहिजेत, आणि एका बाजूला उंचवटा असेल तर तो तेवढाच हवा.

धातूचं म्हणाल तर पुढचं कायम स्टीलचं. मागचं अ‍ॅल्युमिनियमचं हलकं असतं, दिसतं छान, पण रेती-चिखलात भराभर झिजतं. रेस करणाऱ्याला ते परवडतं. रोजच्या आणि रविवारच्या गाडीला स्टील घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मिळालं तर उत्तमच.

हत्यारं: गाडी उभी करायला पॅडॉक स्टँड किंवा मजबूत खोका, एक्सल नटच्या मापाचं सॉकेट आणि लांब दांडा, रिंग पाने, टॉर्क रेंच, चेन ब्रेकर, नाकाड पक्कड, स्टीलची पट्टी, थ्रेडलॉक, रॉकेल आणि जुना टूथब्रश. ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने धुवू नका, रबर खराब होतं.

७. बसवायची पद्धत

१. चेन काढायच्या आधी पुढच्या स्प्रॉकेटचा नट किंवा बोल्ट सैल करा. कोणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. चेन काढल्यावर हे आठवलं तर स्प्रॉकेट धरून ठेवायला काहीच राहत नाही. लहान गाड्यांना बऱ्याचदा दोन बोल्टची लॉक प्लेट असते, मोठ्यांना एक मोठा नट आणि त्याखाली वाकवलेला वॉशर, तो वॉशर आधी सरळ करा.

२. एक्सल नट सैल करा, दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर मागे घ्या, चाक पुढे ढकला, चेन उतरवा. लॉक लिंक (क्लिपने बंद होणारी जोड-कडी) असेल तर पकडीने क्लिप काढा.

३. पुढचं कव्हर आतून खरवडून साफ करा. तिथे ग्रीस आणि मातीचा एवढा लगदा निघतो की कव्हर जड लागतं.

४. नवीन पुढचं बसवताना उंचवट्याची बाजू जुन्यासारखीच. उलटं लागलं तर चेन तिरकी चालते आणि आवाज करते, आणि कारण सापडायला दिवस जातात.

५. मागचं चाक काढून स्प्रॉकेट बदला. चाकातले कुश रबर (झटके सोसणारे रबराचे तुकडे) ढिले झालेत का तेही आत्ताच बघा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

६. चेन घाला. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला. उलटं बसलं तर दगड-काडी लागून क्लिप उडते. चेन तोडायची असेल तर स्प्रॉकेटवर गुंडाळून मोजा, मग परत मोजा, मग तोडा.

७. चेन सरळ आहे का बघा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूला सारख्या करा, आणि मागे बसून एका डोळ्याने चेनच्या रेषेत बघा.

८. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा, पण एक तपासणी जास्त करा. डर्ट बाइकचं मागचं सस्पेन्शन लांब चालतं, एक्सपल्सलाच १७० मिमी आहे. सस्पेन्शन दबत जातं तशी चेन घट्ट होते, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो जिथे फ्रेमला जोडलेला असतो ती जागा) आणि एक्सल एका रेषेत आले की सगळ्यात घट्ट. म्हणून स्टँडवरून उतरवून दोन जणांना गाडीवर बसवा, हे तिन्ही रेषेत येईपर्यंत दाबायला लावा, आणि तेव्हाही चेन बोटाने थोडी हलली पाहिजे. हलत नसेल तर उडी मारून खाली आल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सगळा मार बसेल. मातीत घट्ट चेनपेक्षा किंचित सैल चेन बरी.

८. बसवल्यानंतर

पहिल्या दहा किलोमीटरला कुठल्याही उड्या नाहीत, घाट नाही. थांबून पुढचा नट, मागचे सगळे नट आणि एक्सल परत तपासा. चेनचा खर-खर आवाज, एका ठराविक जागी ढिली-घट्ट होणं, स्लायडरवर ताजी खूण, यातलं काही दिसलं तर पुढे जाऊ नका.

स्पीडोमीटर पण तपासा. काही गाड्यांत स्पीड पुढच्या चाकावरून मोजला जातो, तिथे काही फरक पडत नाही. ज्या गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिथे काटा चुकीचा दाखवायला लागतो, किलोमीटरसुद्धा चुकतात, आणि सर्व्हिसचा हिशोब बिघडतो. मोबाइलच्या जीपीएसशी ६० ला ताडून बघा.

मग त्याच जुन्या वाटेवर जा, टिपणातल्या त्याच जागा, तेच गिअर. एका वेळी एकच बदल आणि त्याच्यावर निदान दोन रविवार. माझ्या गाडीच्या साइड पॅनेलच्या आत चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर, १३/४२ आणि चेनच्या कड्या लिहून ठेवल्यात, पुढच्या वेळी चेन मागवताना परत मोजत बसावं लागत नाही.